बाबांच्या डब्यातली चुकलेली नाणी : विकावीत की ठेवावीत?

वाहकपुत्र (रविवार, रात्री ९.१०)

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. अंबाजोगाई, परळी, लातूर या पट्ट्यात त्यांची बहुतेक नोकरी झाली. गेल्या श्रावणात ते गेले. वर्षश्राद्धाच्या आधी आईने लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा आवरायला सांगितला, तेव्हा तिथे बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा निघाला. आत कागदाच्या बारीक पुड्या, दुकानदार हळदीकुंकवाची बांधतो तशा. प्रत्येक पुडीत एक नाणं. कागद म्हणजे वाया गेलेल्या वेबिलांचे (कंडक्टरच्या फेरीच्या हिशोबाच्या कागदांचे) तुकडे, आणि त्यांच्या मागे बाबांच्या अक्षरात तारीख, फेरी आणि एखादी ओळ.

आई म्हणाली, विचित्र नाणं दिसलं की डेपोत कॅश भरताना ते स्वतःच्या खिशातला रुपया त्यात टाकायचे आणि ते नाणं घरी आणायचे. आम्हा भावंडांना याचा पत्ताच नव्हता.

एकूण अकरा पुड्या आहेत. सगळं लिहीत बसत नाही, महत्त्वाचं तेवढं :

एक स्टीलचा रुपया, एका बाजूला नेहमीचा अशोकस्तंभ. दुसऱ्या बाजूलाही अशोकस्तंभच, पण आत दबलेला आणि उलटा, आरशात दिसावा तसा. ‘भारत’सुद्धा उलटं. साल नाही, एकचा आकडा नाही.

जुनं जाड पाच रुपयांचं नाणं. कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा गेलाय, उंदराने भाकरी कुरतडावी तसा.

गेंड्याची चार आण्याची दोन नाणी, चित्र एका बाजूला सरकलेलं. एकावर सालच नाही.

संसद भवनाचं पन्नास पैशांचं नाणं, एक बाजू सरळ धरली की दुसरी खाली डोकं वर पाय.

नव्वदच्या दशकातला एक रुपया, त्याच्या सालाखाली इंग्रजी एम आणि त्यावर बारीक ओ.

शिवाय पुडी नसलेलं एक दहा रुपयांचं दोन रंगी नाणं. त्याचा मधला भाग उलटा बसलाय. हे बाबांचं नाही, माझ्या भाच्याने ऑनलाइन पाचशेला घेतलं आणि डब्यात टाकलं.

धाकटा भाऊ म्हणतो, विकून टाकू, गावच्या घराचे पत्रे बदलता येतील. व्हिडिओंमध्ये अशा एकेका नाण्याला लाखो रुपये सांगतात. माझा जीव होत नाही, पण भावाचंही चूक नाही. या नाण्यांना खरोखर किंमत असते का? असली तर ती ठरवतं कोण?

---

गल्ला (रविवार, रात्री ९.२६)

आधी एक काम करा, म्हणजे एक काम करू नका. नाणी घासू नका. पितांबरी नको, चिंच नको, लिंबू नको, टूथपेस्ट तर अजिबात नको. चकाकी आणायच्या नादात मी माझ्या आजोबांचे तीन रुपये मातीमोल केलेत. धूळ असेल तर नुसत्या पाण्यातून काढा आणि मऊ कापडावर ठेवून वाळू द्या. चोळायचं नाही.

---

भिंग (रविवार, रात्री ९.५८)

वाहकपुत्र, तुमचं पहिलं वर्णन वाचून मी खुर्चीवरून उठलोच. ज्यावर दोन्हीकडे सिंह आहेत आणि एक बाजू खोलगट व उलटी आहे, त्याला आपल्याकडचे नाणेवाले लखी म्हणतात. इंग्रजीत ब्रॉकेज. टाकसाळीच्या चुकांमध्ये मानाचं पान त्याचं. पण खऱ्या लखीइतक्याच खोट्या लख्याही बाजारात आहेत, म्हणून घाई नको.

सोनाराकडच्या काट्यावर प्रत्येक नाण्याचं वजन करा, ग्रॅमचे दोन दशांश तरी दिसले पाहिजेत. व्यास मोजा. लोहचुंबक लावून बघा. स्टीलचा रुपया चिकटला पाहिजे, जाड पाच रुपये तांबे-निकेलचे असल्याने चिकटता कामा नये. तुमच्या रुपयाचं टाकसाळी वजन ४.८५ ग्रॅम, व्यास २५ मिलिमीटर. पाच रुपयांचं ९ ग्रॅम, २३ मिलिमीटर. आकडे आले की बोलू.

एमवर बारीक ओ असलेला रुपया चुकीचा नाही. ती मेक्सिकोच्या टाकसाळीची खूण. १९८५ साली आणि नंतर नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आपल्याकडे नाणी कमी पडली म्हणून सरकारने बाहेरच्या देशांतून पाडून आणली होती. एरवी सालाखाली हिऱ्यासारखा चौकोन असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. तुमच्या वडिलांची नजर मात्र मानली. सालाखालची एवढीशी खूण, चालत्या गाडीत!

---

प्रेसवाला (रविवार, रात्री १०.४५)

मी टाकसाळीत कधी पाऊल ठेवलेलं नाही, पण भोसरीत प्रेस टूलच्या कामात तीस वर्षं काढली. पत्र्यातून चकती काढणं आणि तिच्यावर ठसा मारणं हे माझं पोट. म्हणून या नाण्यांकडे मी कारागिराच्या डोळ्यांनी बघतो. लांबण लागेल, पण हे एकदा डोक्यात बसलं की खरंखोटं ओळखायला दुसऱ्याला विचारावं लागत नाही.

धातूची पट्टी पंचाखाली सरकते, पंच तिच्यातून गोल चकत्या पाडतो. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही तर पंच आधीच पाडलेल्या भोकावर थोडा चढतो. मग चकतीला चंद्रकोरीएवढा धातू मिळतच नाही. तुमच्या पाच रुपयांचं हेच झालंय. तो तुकडा कोणी तोडलेला नाही, तो तिथे कधी नव्हताच.

आता कानसून केलेलं आणि खरं यातला फरक. चकती पाडल्यावर तिची कड दोन बाजूंनी दाबून उचलतात, म्हणजे नाण्याला काठ येतो. चकती गोल असेल तरच हा दाब सगळीकडे सारखा बसतो. एका बाजूला धातू नसेल तर बरोबर समोरच्या बाजूला दाब कमी पडतो आणि तिथला काठ अशक्त राहतो. म्हणून खऱ्या कापलेल्या नाण्यात चंद्रकोरीच्या ऐन समोरचा काठ पुसट दिसतो. घरी कानस घेऊन बसणाऱ्याला हे माहीत नसतं. तो तुकडा काढतो, समोरचा काठ ठणठणीत राहतो. वाहकपुत्र, नाणं घड्याळासारखं धरा. तुकडा तीनवर असेल तर नऊवर बघा.

आता लखी. चकती खालच्या ठशावर बसते, भोवती पोलादी कडं असतं, त्याला कॉलर म्हणतात. वरचा ठसा खाली येतो, एका दणक्यात दोन्ही बाजू उमटतात, आणि तयार नाणं बाहेर ढकललं जातं. मिनिटाला अशी शेकडो नाणी. त्यात एखादं नाणं बाहेर पडायचं सोडून एका ठशाला चिकटून बसतं. यंत्राला डोळे नाहीत, पुढची चकती येऊन बसतेच. आता तिच्या एका बाजूला ठसा आहे, दुसऱ्या बाजूला ठशाऐवजी ते चिकटलेलं नाणं. नाण्यावरचा उंच सिंह तिच्यात घुसतो, म्हणून तो खोल आणि उलटा उमटतो. तुमच्या नाण्यावर दोन्हीकडे सिंह आहे याचा अर्थ चिकटलेलं नाणं आकड्याच्या ठशावर बसलं होतं, त्याची सिंहाची बाजू बाहेर. म्हणूनच साल आणि आकडा उमटायला वावच मिळाला नाही.

आमच्याकडे वॉशरच्या कामात हे प्रत्यक्ष व्हायचं. एक वॉशर पंचाला चिकटला की पुढच्यावर त्याची सावली यायची. पहिल्यावर अगदी रेखीव. चिकटलेला तुकडा प्रत्येक दणक्याला पसरत जातो, त्यामुळे दहाव्यावर नुसता फुगलेला भुताटकीचा आकार. लखीतही पहिल्या दणक्याची, रेखीव आणि न पसरलेली, तीच सगळ्यात मोलाची.

खोटी लखी बहुतेक वेळा शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, करतात. दोन चांगली नाणी समोरासमोर ठेवून आवळली की एकाचा ठसा दुसऱ्यावर उलटा उठतो. पण अशा नाण्यात आधीचा आकडा, आधीचं साल कुठेतरी चिरडलेलं शिल्लक राहतंच, आणि मागची बाजू शेगड्याच्या जबड्याने चपटी होते. खऱ्या लखीची चांगली बाजू कोऱ्या करकरीत नाण्यासारखी उठावदार असते, कारण तिला ठशाचा पूर्ण दणका मिळालेला असतो.

आणि भाच्याचं दहा रुपयांचं नाणं. बाहेरचं कडं आणि मधली चकती वेगवेगळी येतात, पण त्यांचा जोड आणि त्यांच्यावरचं चित्र एकाच दणक्यात, एकाच ठशाने होतं. म्हणजे मधल्या भागावर जे उमटतं ते कड्यावरच्या चित्राचाच पुढचा भाग असतो. चित्र पूर्ण उमटलेला मधला भाग उलटा बसलेला असेल, तर तो टाकसाळीतून बाहेर पडल्यावर कोणीतरी ठोकून काढून परत बसवलाय. दुसरी शक्यता नाही. भाच्याचे पाचशे गेले, त्याला रागावू नका, पण हे कारण समजावून सांगा.

---

शेवंता (सोमवार, सकाळी ७.३०)

प्रेसवाला काका, वाचनखूण साठवली आहे. शाळेत शिकवते, हा प्रतिसाद फळ्यावर आकृती काढून मुलांना सांगणार.

---

नवाभिडू (सोमवार, सकाळी ८.०५)

माझ्याकडे वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं आहे. दहा लाख मिळतात असं व्हिडिओत बघितलं. कुठे विकू?

---

गल्ला (सोमवार, सकाळी ८.४०)

नवाभिडू, ते २०१२ सालचं स्मारक नाणं आहे, चलनासाठीच काढलेलं. त्यात चूक काही नाही आणि ते दुर्मीळही नाही. देवीचं म्हणून देव्हाऱ्यात ठेवा, पण त्याच्या भरवशावर एक पैसा कोणाला पाठवू नका.

दहा रुपयांच्या नाण्याचीही हीच गत. कमीजास्त किरणं, रुपयाचं चिन्ह असलेलं आणि नसलेलं, हे चुका म्हणून विकतात. ते वेगवेगळ्या वेळी काढलेले वेगवेगळे नमुने आहेत. लोक दहाची नाणी घेईनासे झाले तेव्हा जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं होतं की तोवर काढलेले चौदाही नमुने चालतात.

---

अबोली (सोमवार, दुपारी १.१५)

व्हिडिओंचा विषय निघालाय म्हणून लिहिते. लिहायला जड जातंय.

दोन वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांनी एका संकेतस्थळावर त्यांच्या जुन्या नाण्यांचे फोटो टाकले. तासाभरात फोन. अडीच लाखांना घेतो, पण आधी नोंदणीचे बाराशे भरा. भरले. मग जीएसटीचे म्हणून साडेचार हजार. मग रिझर्व्ह बँकेचं ना हरकत पत्र, शिक्का मारलेलं, सासऱ्यांच्या नावाचं. त्याचे अकरा हजार. आम्हाला कळेपर्यंत सव्वीस हजार गेले होते. पैशांपेक्षा वाईट हे की त्यानंतर ते नाण्यांच्या डब्याकडे बघत नाहीत. आयुष्यभर जमवलेली नाणी होती हो.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं की बँक जुन्या नाण्यानोटांच्या असल्या व्यवहारात पडत नाही, कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि कोणाला मागायचा अधिकारही दिलेला नाही. आम्हाला ते नंतर कळलं. वाहकपुत्र दादा, जो घेणारा आहे तो पैसे देतो, मागत नाही. फोटो टाकताना फोन नंबर देऊ नका.

---

वाहकपुत्र (सोमवार, दुपारी २.०२)

अबोलीताई, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. भावालाही वाचायला पाठवलं. तोही एका नंबरवर फोटो पाठवणारच होता.

---

शिवराईवेडा (सोमवार, रात्री ८.५०)

या धाग्यात माझं थोडं वेगळं दुकान. मी शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची जुनी तांब्याची नाणी, गोळा करतो. एक गंमत बघा, शिवराईच्या बाजारात हिशोब नेमका उलटा चालतो.

शिवराई हाताने पाडलेली. तांब्याचा तुकडा ठेवायचा, ठसा धरायचा, वरून हातोडा. ठसा मोठा आणि तुकडा लहान, त्यामुळे ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही सगळी अक्षरं एका नाण्यावर क्वचितच मावतात. कुठे श्री गेलेला, कुठे नुसतं ‘त्र’ आणि ‘ति’. चित्र सरकणं ही तिथे चूकच नाही, तो रिवाज. म्हणून ज्या शिवराईवर सगळी अक्षरं आणि भोवतीची ठिपक्यांची माळ नीट बसली आहे, तिच्यासाठी लोक जास्त मोजतात. यंत्रावरच्या नाण्याचं उलट. तिथे सगळी एकसारखी, म्हणून सरकलेलं महाग.

हे सांगायचं कारण असं की ‘सरकलेली शिवराई, दुर्मीळ चूक’ अशा जाहिराती आता दिसायला लागल्यात. हाताने पाडलेल्या नाण्याला यंत्राची फूटपट्टी लावू नका. आणखी एक, शंभर वर्षांवरचं नाणं कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातून कितीही चांगली बोली आली तरी नाही.

---

भिंग (सोमवार, रात्री ९.३०)

शिवराईवेडा यांच्या मुद्द्याला जोडून. चूक कोणाची, हेही बघावं लागतं. १९११ सालचा पंचम जॉर्जचा रुपया घ्या. राजाच्या अंगरख्यावर हत्तीचं चित्र होतं, पण सोंड इतकी आखूड काढली की लोकांना ते डुक्कर वाटलं. मुसलमान समाजातून मोठी नाराजी उठली. मुंबई आणि कलकत्त्याच्या टाकसाळींनी नव्वद लाखांवर रुपये पाडले होते, त्यातले सुमारे ७ लाखच बाहेर गेले, बाकीचे वितळवले. १९१२ पासून हत्ती नीट हत्तीसारखा आला. या रुपयाला चांगली मागणी आहे, पण ती टाकसाळीची चूक नव्हे. यंत्राने आपलं काम चोख केलं होतं, चूक कोरणाऱ्याच्या हातातली. संग्राहक हे दोन खण वेगळे ठेवतात.

---

थेम्सकाठ (मंगळवार, पहाटे ३.१०)

लंडनहून लिहितोय. इकडचा किस्सा तुमच्या कामाचा आहे.

२००८ मध्ये इथल्या नाण्यांची चित्रं बदलली. वीस पेन्सच्या नाण्यावर साल आधी मागच्या बाजूला असायचं, नव्या चित्रात ते राणीच्या बाजूला आणलं. कोणीतरी राणीचा जुना ठसा नव्या मागच्या ठशाबरोबर लावला. झालं, दोन्ही बाजूंना साल नाही. तीनशे वर्षांत रॉयल मिंटमधून असं बिनसालाचं नाणं चलनात आलं नव्हतं. बातमी फुटली तेव्हा लोकांनी इंटरनेटवर हजारो पौंड सांगायला सुरुवात केली. मग रॉयल मिंटने सांगितलं की अशी नाणी ५० हजार ते २ लाखांच्या दरम्यान असावीत. भाव धाडकन खाली. आज शंभर पौंडांच्या आत मिळतं.

माझ्याकडे एक आहे, धुलाईच्या दुकानातल्या यंत्राने सुटे परत दिले त्यात आलेलं. सांगायचं एवढंच की लोक किती मागतात ते बघू नका, कितीला खरोखर गेलं ते बघा. लिलावांचे जुने निकाल बघायला मिळतात, ते चाळा.

---

सह्यकडा (मंगळवार, सकाळी ११.२०)

किमतीचा विषय निघालाच आहे तर एक विचारतो. मागच्या वर्षी आमच्या आठवडी बाजारात भाजीवाल्या मावशींनी सुटे दिले, त्यात सरकलेलं एक रुपयाचं नाणं होतं. जवळजवळ निम्मं चित्र बाहेर, साल मात्र पूर्ण. मी काही न बोलता खिशात टाकलं आणि पुढे साडेतीन हजारांना विकलं. तेव्हा आनंद झाला. हल्ली त्या मावशींकडून भाजी घेताना नजर वर होत नाही. मी चुकलो का?

---

गल्ला (मंगळवार, सकाळी ११.४८)

चुकलात असं मला वाटत नाही. रुपयाच्या बदल्यात रुपयाचा व्यवहार झाला. ओळखायला नजर लागते, ती तुम्ही कमावलीत. मावशींच्या हातून ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेलं असतं आणि शेवटी बँकेच्या पिशवीत.

---

अबोली (मंगळवार, दुपारी १२.३०)

गल्ला, नाही पटलं. नाण्यांच्या दुकानदाराकडून घेतलं असतं तर वेगळं, तो जाणकार असतो. मावशींना माहीतच नव्हतं आणि तुम्हाला माहीत होतं. माझ्या सासऱ्यांच्या बाबतीतही फोनवरच्या माणसाला माहीत होतं आणि यांना नव्हतं. दोन्ही गोष्टी एक आहेत असं म्हणत नाही, पण एकाच वाटेवरच्या आहेत. सह्यकडा, थोडे पैसे द्या मावशींना. कशाचे ते सांगून द्या.

---

सह्यकडा (मंगळवार, दुपारी १.०५)

शनिवारी बाजार आहे. हजार रुपये देणार आहे.

---

प्रेसवाला (मंगळवार, सायंकाळी ६.१५)

या निमित्ताने एक अप्रिय गोष्ट बोलतो. बाजारात काही नाणी इतकी नाट्यमय दिसतात की मला शंका येते. एकाच चकतीवर तीन दणके, दुमडलेलं नाणं, वाटीसारखं झालेलं नाणं. यंत्रात हे सगळं होऊ शकतं, पण होतं तेव्हा ते मोजणीच्या यंत्रात अडकतं, भंगारात जातं. पिशवीत बसून बँकेत आणि तिथून लोकांच्या हातात येणं फार अवघड. मग अशी नाणी डझनावारी येतात कुठून? मी अशी नाणी घेत नाही आणि इतरांनीही घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. कंडक्टरच्या पिशवीत आलेलं नाणं म्हणजे खरोखर चाळणीतून निसटून लोकांत फिरलेलं नाणं. वाहकपुत्र, तुमच्या डब्याचं मोल मला तिथे वाटतं.

---

वाहकपुत्र (बुधवार, रात्री ९.४०)

आज सोनाराकडे जाऊन आलो. त्यांनी पैसे घेतले नाहीत, उलट स्वतःच भिंग घेऊन बसले.

दोन्हीकडे सिंह असलेला रुपया ४.८४ ग्रॅम, व्यास २५, लोहचुंबकाला घट्ट चिकटतो. सरळ बाजू एकदम उठावदार, ‘सत्यमेव जयते’ची वेलांटीसुद्धा बोटाला लागते. उलट्या बाजूला चिरडलेला आकडा किंवा सालाचा मागमूस नाही. उलटा सिंह सरळ सिंहाएवढाच आहे, पसरलेला नाही.

पाच रुपये ८.६१ ग्रॅम, चिकटत नाही. तुकडा तीनवर धरला. काका, नऊवर काठ जवळजवळ नाहीच! मी सोनारांच्या दुकानात ओरडलो.

पन्नास पैसे वर आणि खाली बोटं धरून फिरवलं, मागची बाजू पूर्ण उलटी.

---

भिंग (बुधवार, रात्री १०.२०)

मन भरून आलं वाचून. वर्णनावरून आणि आकड्यांवरून ही पहिल्या दणक्याची अस्सल लखी दिसते. पाच रुपयेही खरं.

आता किमतीचं. पन्नास पैशांचं उलटं नाणं म्हणजे ठसा त्याच्या जागेत फिरलेला. आपल्याकडे हे बरंच सापडतं, त्यामुळे काही शेच्या वर अपेक्षा नको. गेंड्यांपैकी ज्यावर साल आहे ते बिनसालाच्यापेक्षा वर जाईल. सरकलेल्या नाण्यात चित्र निम्म्याच्या आसपास बाहेर आणि साल शाबूत, हे सगळ्यात चांगलं. दहा टक्के सरकलेलं कोणी फारसं विचारत नाही. पाच रुपये आणि लखी हजारांत जातील, लाखांत नाही. लाखांचं स्वप्न कोणी दाखवलं तर अबोलीताईंचा प्रतिसाद परत वाचा.

पत्र्यांचा खर्च यातून पूर्ण निघणार नाही, हे भावाला आताच सांगा. नंतर सांगण्यापेक्षा बरं. विकायचंच असेल तर एकट्या माणसाला घरी बोलावून नको. पुण्यात कॉइनेक्स हे नाण्यांचं प्रदर्शन भरतं, मुंबईतही प्रदर्शनं असतात. तिथे चार टेबलांवर तेच नाणं दाखवा, चारही भाव लिहून घ्या, मग ठरवा. नाण्यांची खरेदीविक्री करण्यात गैर काही नाही. नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं मात्र २०११ च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे.

एक विचारायचं राहिलं. लखीच्या पुडीवर तारीख कोणती आहे? नाण्यावर साल नाही म्हणून विचारतोय. स्टीलचा हा रुपया १९९२ साली सुरू झाला, त्याआधीचा तांबे-निकेलचा होता. पुडीवरची तारीख लवकरची असेल तर आपल्याला नाण्याचं साल जवळजवळ कळेल.

---

वाहकपुत्र (बुधवार, रात्री ११.०५)

पुडी समोर ठेवून जसंच्या तसं उतरवतो :

‘१४/६/९३. परळी-अंबाजोगाई, शेवटची फेरी. दोन्हीकडे सिंह, एक आत. म्हातारीने दिला. तिला दाखवला, जपून ठेव म्हटलं. तिकिटाला चालतो का तेवढं सांग म्हणाली. चालतो म्हटलं. उरलेले परत देताना एक रुपया जास्त दिला.’

---

भिंग (बुधवार, रात्री ११.१२)

म्हणजे नाणं १९९२ किंवा ९३ चं. दुसरं असूच शकत नाही.

---

सह्यकडा (बुधवार, रात्री ११.३०)

तीस वर्षांपूर्वी तुमच्या बाबांनी माझ्या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवलं होतं.

---

वाहकपुत्र (गुरुवार, सकाळी ८.१५)

रात्री भावाशी बोललो, पुडी फोनवर वाचून दाखवली. बराच वेळ काही बोलला नाही. ठरलं ते असं : पाच रुपये आणि सालाचा गेंडा पुढच्या कॉइनेक्सला घेऊन जायचं, जे येईल ते पत्र्यांना. कमी पडतील तेवढे आम्ही दोघं घालू. लखी आईकडे राहील. भाच्याचं दहा रुपयांचं नाणं त्याने स्वतःच वेगळं काढून ठेवलंय, शाळेत सगळ्यांना दाखवायचं म्हणतो की खोटं कसं ओळखायचं.

आता शेवटचं. बाबांच्या पुड्यांतच नाणी ठेवू ना?

---

गल्ला (गुरुवार, सकाळी ८.५०)

नाही. जुना कागद ओल धरतो आणि नाण्यावर डाग पाडतो. नाण्यांसाठी मिळणाऱ्या पुठ्ठ्याच्या चौकटी आणा, मधे पारदर्शक खिडकी असलेल्या. मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत, त्यांनी नाण्यावर हिरवट चिकटा येतो. वेबिलाचे कागद अलगद उलगडून वहीच्या पानांत सपाट ठेवा आणि चौकटीवर त्या त्या पुडीचा क्रमांक घाला. पाच रुपये आणि गेंडा विकाल तेव्हा त्यांच्या कागदाची झेरॉक्स घेणाऱ्याला द्या, मूळ कागद देऊ नका.

---

शेवंता (गुरुवार, सकाळी ९.२०)

आणि कागदांचे फोटो आजच काढून ठेवा. वेबिलाच्या मागे बॉलपेनने लिहिलेलं आहे ना? ते उडत जातं.